विमान उडवायला गेला आणि नशीब हुकलं? गॅरी किल्डालची खरी गोष्ट त्याहून मोठी आहे

विंडोजच्या लॅपटॉपमध्ये पहिला ड्राइव्ह दिसतो तो 'सी'. मग 'ए' आणि 'बी' गेले कुठे? ती अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती. फ्लॉपी इतिहासजमा झाल्या आणि अक्षरं रिकामी राहिली. छोट्या कॉम्प्युटरवर ही ए-बीची पद्धत रुजवणारा माणूस म्हणजे गॅरी किल्डाल.

त्याचं नाव निघालं की एकच किस्सा सांगितला जातो. आयबीएमवाले दारात आले तेव्हा हा गडी विमान उडवत होता, आणि सगळा धंदा बिल गेट्सने नेला. किस्सा चटकदार आहे, पण त्याच्याखाली किल्डालचं खरं काम झाकलं गेलं.

१९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्याचा जन्म झाला. घरचीच शाळा होती, जहाजावरच्या लोकांना समुद्रात दिशा काढायला शिकवणारी. गॅरीनेही तिथे शिकवलं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात तो गणिताकडून कॉम्प्युटरकडे वळला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यभरतीची नोटीस आली, तेव्हा त्याने नौदलाचा मार्ग धरला. नौदलाने त्याला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे आपल्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायला पाठवलं. १९७२ मध्ये त्याने पीएचडी पूर्ण केली.

याच सुमारास इंटेलची ४००४ ही चिप बाजारात आली होती. किल्डालने ती विकत घेतली आणि तिच्यासाठी प्रोग्राम लिहायला लागला. इंटेलने त्याला सल्लागार म्हणून घेतलं. तिथे त्याने पीएल/एम ही भाषा तयार केली.

अडचण होती माहिती साठवण्याची. तेव्हा छोट्या यंत्रांचे प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवले जायचे. काम संथ आणि डोकेदुखीचं. किल्डालने शुगार्ट कंपनीकडून चाचण्यांमध्ये झिजलेला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह चालवायला लागणारं कंट्रोलरचं सर्किट त्याला काही जमेना. ड्राइव्ह तसाच पडून राहिला.

१९७४ मध्ये त्याचा मित्र जॉन टोरोडे मदतीला आला आणि त्याने सर्किट बनवलं. किल्डालने फायली सांभाळणारा प्रोग्राम लिहिला. पॅसिफिक ग्रोव्ह या गावात दोघांनी तो कागदी पट्टीवरून डिस्कवर चढवला आणि डिस्कवरूनच यंत्र सुरू केलं. समोर एक चांदणीचं चिन्ह उमटलं, म्हणजे यंत्र आज्ञेची वाट पाहत होतं. ही होती सीपी/एम, छोट्या कॉम्प्युटरची पहिली गाजलेली ऑपरेटिंग सिस्टीम. इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग किल्डालने पत्नी डोरोथीसोबत स्वतःची कंपनी काढली, जी पुढे डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली गेली.

आता खरा पेच सुरू झाला. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, ड्राइव्ह वेगळा. दरवेळी सगळी सिस्टीम नव्याने कोण लिहिणार? इमसाई कंपनीच्या यंत्रावर काम करायची वेळ आली तेव्हा किल्डालने सिस्टीमचे सरळ भाग पाडले. फायली सांभाळणारा भाग सगळीकडे सारखा ठेवला. यंत्राशी थेट बोलणारा छोटा भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. ड्राइव्ह बदलला तर फक्त बायोस बदलायचा. आज आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतो, तेच काम हा भाग करायचा.

पण हा भाग लिहिताना चूक झाली तर? वाचताना चूक झाली तर निदान डिस्क शाबूत राहते. लिहिताना चूक झाली तर माहिती भलत्याच जागी पडते, आधीची पुसली जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आठ इंची प्रमाणित फ्लॉपीवर जेमतेम २५० केबी मावायचं, पण त्यात एखाद्याचा वर्षभराचा हिशेब असायचा.

म्हणून सीपी/एमच्या मार्गदर्शिकेत चाचणीचा क्रम ठरवून दिला होता. आधी फक्त वाचणारा छोटा प्रोग्राम लिहा. वाचताना डिस्कवर काही बदललं नाही ना, ते तपासा. मग लिहिणारा प्रोग्राम करा, तोही कोऱ्या डिस्कवर चालवा. लिहून झालं की मेमरी पुसा आणि तीच माहिती डिस्कवरून परत वाचा. जुळली, तरच पुढे जा.

हीच शिस्त रोजच्या वापरातही होती. डीडीटी या प्रोग्रामने मेमरीत नेमकं काय आहे ते पाहता यायचं. फायली कॉपी करायच्या पिप या आज्ञेला 'व्ही' हे अक्षर जोडलं की ती लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघायची. सिस्टीमला न कळवता फ्लॉपी बदलली, तर सीपी/एम लिहायलाच नकार द्यायची. नाहीतर जुन्या डिस्कची यादी नव्या डिस्कवर चढून सगळा गोंधळ झाला असता.

या पायावर वर्डस्टार आणि डीबेससारखे प्रोग्राम उभे राहिले. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एका पिढीने शिकलेले हेच ते दोन प्रोग्राम. त्यांचा जन्म सीपी/एमवर झाला होता.

आणि तो विमानाचा किस्सा? १९८० मध्ये आयबीएमची माणसं आली तेव्हा किल्डाल स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता. गोपनीयतेच्या कागदावर डोरोथीने सही केली नाही आणि बोलणी अडली. दुपारी तो परतल्यावर काय झालं, याबद्दल दोन्ही बाजूंची कहाणी वेगळी आहे. शेवटी मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनने बनवलेली सिस्टीम विकत घेऊन आयबीएमला दिली. तिची रचना सीपी/एमच्याच वळणाची होती. पुढे आयबीएमने दोन्ही विकायला ठेवल्या. पीसी-डॉस ४० डॉलरला, किल्डालची सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरला. गिऱ्हाइकाने काय उचललं असेल, हे वेगळं सांगायला नको.

किल्डाल थांबला नाही. 'द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या टीव्ही कार्यक्रमातून तो सामान्य लोकांना कॉम्प्युटर समजावत राहिला. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. १९९१ मध्ये नोव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये त्याच्या कंपनीच्या जुन्या जागी सन्मानाचा फलक लागला.

आजही विंडोजची काळी कमांड विंडो उघडून कॉपीच्या आज्ञेला 'व्ही' जोडता येतो. त्याचं काम तेच आहे, फाइल नीट लिहिली गेली का, ते बघणं.