निराश्रितांचे महर्षी

पुण्याच्या नाना पेठेत, जुन्या भोकरवाडीच्या जागेवर, अहिल्याश्रम उभा राहिला. हे नाव वाचून देवासकराला आपल्या मुलखाची आठवण व्हावी, आणि ती आठवण खोटी नाही. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्या कामाला वीस हजार रुपये दिले, म्हणून देवी अहिल्याबाईंचे नाव त्या वास्तूला लाभले. (आपल्या थोरल्या पातीचे महाराजही त्याच काळी तुकोजीरावच होते, पण देणगी होळकरांची, पवारांची नव्हे. एका टेकडीखाली दोन गाद्या नांदवलेल्या आपल्या गावाला असले घोटाळे काही नवे नाहीत.) ही देणगी ज्यांच्या कार्यासाठी आली ते विठ्ठल रामजी शिंदे हेही एका संस्थानचेच प्रजाजन होते. २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीस त्यांचा जन्म झाला. घर मराठ्याचे, वडील रामजीबाबा वारकरी. घरात भक्ती होती, पैसा नव्हता.

फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली बी. ए. होताना ते प्रार्थना समाजाकडे वळले. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेला हा समाज म्हणजे रानडे, भांडारकर, चंदावरकर अशा थोर विद्वानांचा मेळा. ईश्वर एक, मूर्ती नको, माणसे सारी सारखी, ही त्यांची श्रद्धा, आणि ती मनापासूनची होती. पण रविवारच्या उपासनेस जमणारी मंडळी बहुतेक एकाच थरातली. जातिभेद नाही असे मानणे त्यांना जड गेले नाही. महारवाड्यात जाऊन बसणे मात्र फारच थोड्यांना जमले.

समाजाचा प्रचारक म्हणून तयार व्हावे यासाठी विलायतेतील युनिटेरियन मंडळींनी शिंद्यांना शिष्यवृत्ती दिली. बडोद्याच्या सयाजीरावांचेही साहाय्य झाले. १९०१ ते १९०३ ही वर्षे त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात काढली. तेथे प्रवेशासाठी कोणत्याही धर्ममताची शपथ घ्यावी लागत नसे. एस्टलिन कार्पेंटरसारख्या गुरूंजवळ त्यांनी तौलनिक धर्म आणि बौद्ध धर्म अभ्यासला. परतण्यापूर्वी अॅमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत निबंधही वाचला. एवढी तयारी झाल्यावर एखादा गृहस्थ व्यासपीठावरच रमला असता.

शिंदे तेथे रमले नाहीत. १९०५ साली नगरजवळच्या भिंगारला अस्पृश्य मंडळींच्या सभेस ते गेले आणि तेथून परतले ते निश्चय करूनच. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईस परळला पहिली शाळा उघडली. अध्यक्ष झाले सर नारायण चंदावरकर. बहीण जनाबाईंनी या कामाला वाहून घेतले. घरच्या माणसांना बरोबर घेऊन काम करणे हीच शिंद्यांची खरी रीत. सुधारकांच्या घरात सुधारणा उंबऱ्यापर्यंतच येते, हे आपण पुष्कळदा पाहतो. पुढे १९१० साली मतभेद होऊन त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले, मिशन मात्र सोडले नाही. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईस त्यांनी अस्पृश्यतानिवारण परिषद भरविली. अध्यक्ष होते सयाजीराव. लोकमान्य टिळक तेथे अस्पृश्यतेविरुद्ध सडेतोड बोलले, पण वैयक्तिक आचरणाच्या प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. त्यावरून पुढे बरेच वादंग झाले.

येथवर कथा सरळ आहे. पण शिंद्यांच्या संस्थेचे मराठी नाव पाहावे : निराश्रित साह्यकारी मंडळी. निराश्रित म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. त्याला आश्रय द्यावा लागतो, आणि देणारा दुसराच असतो. १९१९ साली साउथबरो समितीपुढे शिंद्यांची साक्ष झाली, तशीच तरुण आंबेडकरांचीही झाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत हा प्रश्न होता. कौन्सिलात निवडून आलेल्या सभासदांनी ते निवडावेत, असे मिशनचे म्हणणे पुढे आले. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली तिने हे म्हणणे साफ झिडकारले. झिडकारण्यात आंबेडकर अग्रभागी होते. त्या परिषदेने स्वतःला निराश्रित म्हटले नाही, बहिष्कृत म्हटले. हा शब्दांचा खेळ नव्हे. निराश्रित म्हटले की आश्रयदाता आठवतो, बहिष्कृत म्हटले की बहिष्कार कोणी घातला ते विचारावे लागते.

शिंद्यांवर अन्याय झाला, असे म्हणणारे आहेत. चौदा वर्षे ज्याने आपले घरदार या कामात घातले त्याला हे ऐकावे लागले, हे खरे. तरी मला नागपूरचीच बाजू योग्य वाटते. दुसऱ्याच्या वतीने बोलता बोलता त्याच्या जागी बसण्याची सवय लागते, आणि ती सवय सज्जनांना अधिक लागते. हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. युनिटेरियन पंथाच्या अमेरिकेतील शाखेत १९६५ साली जेम्स रीब हे गोरे पाद्री काळ्या बांधवांच्या मतहक्कासाठी सेल्मा येथे मारहाणीत प्राणास मुकले. पण त्याच शाखेतील काळ्या सभासदांनी १९६८ मध्ये, आमच्यासाठीचा पैसा आमच्याच हाती द्या, असे म्हटले तेव्हा दहा लाख डॉलर कबूल झाले आणि पुढे त्यावरूनच दुफळी माजली. प्राण देणे एक वेळ जमते, किल्ल्या देणे जमत नाही.

शिंद्यांनी १९२३ साली मिशनची सूत्रे खाली ठेवली. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध शेवटपर्यंत राहिला. त्या बाबतीत ते बदलले नाहीत. पण माणूस कडवट होऊन घरी बसला नाही. १९२४ मध्ये मंगळूरच्या ब्राह्मसमाजाचे काम पत्करले, १९३० साली सत्याग्रहात येरवड्याचा तुरुंग पाहिला, आणि १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ प्रसिद्ध केला. उपदेश बाजूला ठेवून, ही रूढी आली कोठून याचा शोध त्यांनी त्यात घेतला आहे.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. होळकरांच्या पैशाने उभा राहिलेला अहिल्याश्रम त्याच गावात होता. त्याचा कारभार तेव्हा त्यांच्या हाती नव्हता.