नाटककार गोविंद बल्लाळ देवल

आपल्या कर्जतेस ज्यांनीं कीर्तन ऐकलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, चांगले बुवा श्रोत्यांस हंसवितां हंसवितां त्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात. मराठी संगीत रंगभूमीवर हीच किमया ज्यांनीं केली, ते नाटककार म्हणजे गोविंद बल्लाळ देवल.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजीं झाला. सांगलीजवळचें कृष्णाकांठचें हरिपूर हें त्यांचें गांव. बेळगांवीं शिकत असतां त्यांस अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले. १८८० सालीं अण्णासाहेबांनीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें. त्यांच्या मंडळींत देवल नट झाले व पुढें तालीममास्तर म्हणून नांवाजले.

देवलांनीं एकंदर सात नाटकें लिहिलीं. ‘झुंजारराव’ हें शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून रचिलेलें, तर ‘संशयकल्लोळ’ मूळ मोलियरच्या प्रहसनाचें. दोहोंचें बीज एकच, पतीचा संशय. परंतु एकांत त्याचें पर्यवसान निरपराध पत्नीच्या मृत्यूंत होतें, तर दुसऱ्यांत हंसतां हंसतां पुरेवाट होते.

हे दोन्ही रस एकत्र नांदले ते १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकांत. हें एकच त्यांचें सर्वस्वीं स्वतंत्र नाटक. त्या काळीं कित्येक आईबाप द्रव्यलोभानें आपली अल्पवयी कन्या वृद्धास देत. पाऊणशे वर्षांचा भुजंगनाथ नवरदेव म्हणून मिरवूं लागतो, भद्रेश्वर दीक्षित त्याची तोंडपुजी स्तुति करून पैसा उकळतो, आणि प्रेक्षक पोट धरून हंसतात. मग शारदा रंगभूमीवर येते. आपला बापच आपणांस विकीत आहे हें तिला कळलेलें असतें. ज्या म्हाताऱ्यास आपण आतांच हंसलों, त्याच्याशींच हिची जन्मगांठ पडणार, हें ध्यानीं येतांच हंसूं ओठांवरच विरतें. वधूवर सगोत्र असल्याचें उघड होऊन तो विवाह मोडतो. हताश शारदा जीव देण्यास नदीवर जाते. कोदंड तिला वांचवितो आणि अखेर तिचें पाणिग्रहण करितो.

१९२९ सालीं मुलींच्या विवाहास किमान १४ वर्षांची मर्यादा घालणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नांवानें ओळखला जातो. परंतु लोकांच्या तोंडीं तो ‘शारदा कायदा’च झाला.

१४ जून १९१६ रोजीं देवल निवर्तले. ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपानें त्याच वर्षीं, त्यांच्या पश्चात्, रंगभूमीवर आलें.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याची फजिती पाहून आपण सहज हंसतों. त्या फजितीपायीं कोणाचे अश्रु गळत आहेत, हें पाहावयास देवलांनीं महाराष्ट्रास शिकविलें.