दादासाहेब फाळके

पडद्यावर हलणारें चित्र पाहून आतां कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु तें सिद्ध होण्यास किती हात राबतात, याचा विचार आपल्यापैकीं थोडेच करीत असतील. यास्तव भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके यांचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें ते चित्रकला व छायाचित्रण शिकले. पुढें त्यांनीं छपाईचा धंदा केला. परंतु तो फार दिवस टिकला नाहीं. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. तो पाहतांना राम व कृष्ण यांचीं चरित्रें आपल्या लोकांस अशींच कां दाखवूं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला, आणि त्यानें त्यांस पुढें स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

या ध्यासापायीं रात्रंदिवस डोळ्यांस ताण देऊन त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ती परत येतांच त्यांनीं आपला विमा गहाण टाकला व १९१२ सालीं विलायत गांठली. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत काम पाहून व कॅमेरा विकत घेऊन ते परतले. भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरिला व रोज थोडें थोडें चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर क्षणभरांत दाखविली.

आतां खरी कसोटी आली. "राजा हरिश्चंद्र" या चित्रपटासाठीं दादरला बिऱ्हाड हेंच चित्रालय बनलें. कथा, वेष, देखावे व दिग्दर्शन हें सारें दादासाहेब पाहात. त्र्यंबक तेलंग कॅमेरा चालवीत. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, तर दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री मिळेना. तेव्हां उपाहारगृहांत काम करणारा साळुंके नांवाचा तरुण तारामती झाला. आणि सरस्वतीबाई? त्यांनीं आपले दागिने गहाण दिले. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. चित्रण चाललें असतां उन्हांत पांढरी चादर धरून उजेड परावर्तित करीत. आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत फिल्मला छिद्रें पाडीत व ती धुण्यास साहाय्य करीत. सुमारें सात महिन्यांच्या श्रमानें ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला व ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लोकांपुढें आला.

त्याच वर्षीं दादासाहेब नाशिकास गेले. "मोहिनी भस्मासुर" या पुढच्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं. "लंकादहन" (१९१७) या चित्रपटानें अपार लोकप्रियता मिळविली. परंतु १९३१ मध्यें बोलपट आला आणि मूकपटाचा काळ संपला. १९३७ चा "गंगावतरण" हा त्यांचा एकमेव बोलपट होय. ज्या धंद्याचा पाया त्यांनीं घातला, त्यांत इतरांस संपत्ति मिळाली; त्यांची अखेर मात्र ओढगस्तींतच १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें झाली. १९६९ पासून सरकार त्यांच्या नांवें चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च सन्मान देत आहे.

हा सन्मान योग्यच होय. तथापि पडद्यावरील राजाराणीकडे पाहतांना, उन्हांत चादर धरून उभ्या राहिलेल्या त्या गृहिणीचें स्मरण आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ठेवावें. कोणतेंही मोठें कार्य न दिसणाऱ्या हातांवांचून पुरें होत नाहीं.