लक्ष्मीबाई टिळकांचा संसार

चाकणवरून उत्तरेस जाणारा हमरस्ता नाशिकला पोचतो. त्या नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक खेडे आहे. तेथील गोखले घराण्यात १ जून १८६८ रोजी एक कन्या जन्मास आली. माहेरी तिला मनू म्हणत. सासरी ती लक्ष्मीबाई टिळक झाली. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून त्यांचे नाव मराठी वाचणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही, आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने तर आपण उपासनेच्या वेळी नेहमीच गातो. परंतु आज आम्ही जे लिहिणार आहो ते या दांपत्याच्या काव्याविषयी नसून त्यांच्या घरखर्चाविषयी आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची बहुतेक घरे महिन्याच्या पगारावर चालतात. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि शाळेचा खर्च यांची मिळवणी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कशी करावी, ही चिंता त्या घरांतील मातांना नवी नाही. तेव्हा हा विषय त्यांना परका वाटणार नाही. मुलग्यांनीही हा लेख मुलींचा म्हणून पान उलटू नये. यातील अर्धा भाग त्यांच्याचसाठी आहे.

लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत विलक्षण कडक होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांस फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या मनाने जी विटाळाची धास्ती घेतली ती पुढे कधी सुटली नाही. बाजारातून घरात आलेला जिन्नस धुतल्यावाचून आत जात नसे. पोटापुरते खाऊन असलेल्या त्या घरातील बायकांचे दिवसच्या दिवस पाणी ओतण्यात जात. तंगी ही केवळ पैशाचीच असते असे नाही. मनुष्याच्या कल्पनाही घर गांजवू शकतात, हा धडा मनूला अक्षरओळख होण्यापूर्वीच मिळाला. शाळा तिने पाहिली नाही.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, तिचे लग्न झाले. टिळक तेव्हा विद्यार्थीदशेत होते. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, अंतःकरण उदार; परंतु एका ठिकाणी बसणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. आज घरी आहेत, उद्या कोणास न सांगता कोठे निघून गेले, असे वारंवार होई. नाशिक, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे झाली. प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे नवी चूल, नवा वाणी, नवी उधारी. पती परगावी आणि आपण कधी सासरी तर कधी भिकूताई या थोरल्या बहिणीच्या आश्रयाला, अशी वर्षे लक्ष्मीबाईंनी काढली. पहिली अपत्ये जगली नाहीत. १८९१ साली दत्तू, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले देवदत्त टिळक, जन्मले. मात्र याच भटक्या पतीने आपल्या पत्नीस लिहावयास-वाचावयास शिकविले, हेही विसरून चालणार नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरास बहिणीकडे राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अंगावर कुंकू आहे पण घर नाही, अशी ती अवस्था होती. सुमारे पाच वर्षांच्या वियोगानंतर त्या अहमदनगरास आल्या, त्याही स्वतःच्या अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळे, राहणे वेगळे.

या दोन चुलींच्या काळाविषयी थोडे थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. टिळक तेव्हा अमेरिकन मराठी मिशनच्या पाठशाळेत शिकवीत. मिळकत मोठी नव्हती, आणि त्या एका मिळकतीत दोन स्वयंपाक, दोन ठिकाणची भांडी, दोन ठिकाणचे सरपण भागवावयाचे. जातीचा विटाळ हा धर्माचा प्रश्न म्हणून आपण नेहमी बोलतो. परंतु ज्या बाईला घर चालवावयाचे असते तिला तो चुलीशी, घागरीशी, दररोज भोगावा लागतो. लक्ष्मीबाईंनी तो ओढत नेला आणि स्वतःच्याच विचाराने सोडला. माणसांत ही उतरंड देवाने लावली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. आणि एकदा उत्तर सापडल्यावर त्या कोणाचेही हातचे पाणी पिऊ लागल्या. हे आधी झाले, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या थोरवीला शोभणारीच होती.

पुढे नगरचे जे घर उभे राहिले त्याची कीर्ती महाराष्ट्रात झाली. ते घर कोणाचे नव्हते? १८९९-१९०० च्या दुष्काळाने गावेच्या गावे उघडी पडली होती. निराधार मुले टिळकांच्या घरी आली व तेथेच राहिली. कोणी विद्यार्थी आले, कोणी नवख्रिस्ती कुटुंबे आली, कोणी नुसतेच भुकेले आले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाशी टिळकांचा स्नेह जडला. त्यांनाच आपण बालकवी म्हणतो. तेही या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचे रुसवेफुगवे पोटच्या मुलाचे सोसावेत तसे सोसले. नगरास प्लेग झाला तेव्हा त्या रोग्यांच्या छावणीत जाऊन सेवेस उभ्या राहिल्या. मनूला लहानपणी ज्या स्पर्शाचे भय दाखविले गेले होते, तो स्पर्श!

आता खर्चाकडे वळू. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. त्यांना कोणाचे दुःख दिसले की खिशात असेल ते त्यांच्या हातून जाई. एखादी सुंदर वस्तू दिसली तरी तीच गत. पगाराचा दिवस आणि पैशाचा शेवट यांत फार अंतर राहात नसे. पाहुण्यास जेवावयास बोलावण्यापूर्वी घरात काय आहे हे विचारण्याची त्यांना सवय नव्हती. बाहेरच्या जगाने त्यांस त्यागी म्हटले, आणि ते यथार्थच आहे. परंतु जो तांदूळ टिळकांनी मनाने दान केला तो डब्यातून मोजून काढण्याचे काम लक्ष्मीबाईंचे होते. दुपारी जेवणारी तोंडे किती हे ज्या घरात सकाळी सांगता येत नाही, त्या घरात पीठ किती मळावे हे ठरविणे कविता करण्याइतकेच कठीण आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. घराघरांतील अनुभव असा की अशा वेळी आमटी वाढविता येते, भाकरी पातळ थापता येते, आणि शेवटी बसणारीला काय उरले हे कोणी पाहात नाही.

आम्ही टिळकांच्या भजनांवर वाढलो. त्यांच्याविषयी उणा शब्द लिहिताना आमची लेखणी अडखळते. तरीही इतके लिहिलेच पाहिजे की, एकाच्या औदार्याची किंमत पुष्कळ वेळा दुसराच देत असतो, आणि या घरात ती लक्ष्मीबाईंनी दिली. त्यांनी ती मुकाट्याने दिली असे मात्र कोणी समजू नये. दोघेही तापट होते. भांडणे होत, अबोले होत. पैशाचा व्यवहार आपल्या हाती ठेवण्याची खटपट लक्ष्मीबाई करीत, आणि टिळक लहान मुलासारखे त्यांस चकवीत. हे सारे त्यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने, हसत हसत सांगितले आहे. पतीस देव करून बसविले नाही की दोषांची यादीही केली नाही. ज्या मुलग्यांना मोठेपणी समाजसेवा करावयाची इच्छा आहे, त्यांनी ती पाने वाचताना स्वयंपाकघराच्या दारातून एकदा आत डोकवावे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताचे अनुयायी, मग ते बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, एका कुटुंबासारखे राहावेत या हेतूने त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. कल्पना उदात्त होती. पगार मात्र थांबला. वयाच्या पन्नाशीस आलेल्या गृहिणीने ठराविक मिळकतीवर पाणी सोडून पुन्हा नव्या गावी चूल मांडावी, ही गोष्ट सोपी नव्हे. लक्ष्मीबाई साताऱ्यास गेल्या. पुढच्याच वर्षी, ५ मे १९१८ रोजी, बालकवी आगगाडीखाली सापडून गेले. आणि त्यानंतर एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे देहावसान झाले.

मागे काय ठेविले असेल याचा तर्क वाचकांनी करावा. लक्ष्मीबाईंनी हातपाय गाळले नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचे काम केले. आयुष्यभर फुकट चालविलेल्या वसतिगृहाचा अनुभव गाठीशी असताना त्यांस तेथे नवे ते काय वाटले असणार! पुढे काही काळ त्या कराचीस होत्या व अखेर नाशिकास आल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते, परंतु दहाएक अध्याय होऊन ते राहिले होते. ज्या बाईला पतीने मुळाक्षरे शिकविली, तिनेच पतीचे काव्य पुढे नेले. त्या ग्रंथाचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे.

'स्मृतिचित्रे'ही याच उत्तरवयातील. देवदत्तांच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या आणि पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील भाषा पाहावी. शाळेत न गेल्यामुळे पंडिती शब्द त्यांस ठाऊक नव्हते, आणि घर चालविल्यामुळे फुकट शब्द खर्च करण्याची सवय नव्हती. कढईत चमचाभर तेल असताना जी बाई भाजी करते ती जपून करते. त्यांचे वाक्य तसे आहे. विद्वानांनी या शैलीची पुष्कळ कारणे दिली आहेत. आमच्या अल्प मतीस हे एक कारण पुरेसे वाटते.

हे पुस्तक १९५० साली इंग्रजीत गेले, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचे नवे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मराठीत तर ते अद्याप छापले व वाचले जाते. ज्यांस सबंध वाचण्यास सवड नसेल त्यांनी निदान नगरच्या बिऱ्हाडाचा भाग वाचावा, आणि शक्य तर घरी आईस वाचून दाखवावा. ती कोठे हसते हे पाहण्याजोगे असते.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे प्रभूच्या घरी गेल्या. आठवणी अजून संपल्या नव्हत्या. टिळकांच्या पश्चात काय झाले ते सांगणारा शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला.