निजामाच्या शिकारी टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर छप्पनच्या दुष्काळातली माणसं उभी राहिली, तेव्हा...

धाराशिवला दुष्काळ नवा नाही. पण १८९९-१९०० चा दुष्काळ वेगळाच होता. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणू लागले.

धाराशिव तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढायचं सोडून लाखाहून जास्त घटली.

याच राज्यात, औरंगाबादला, या दुष्काळाचे फोटो काढले गेले. ते काढले राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने.

कोण होते हे दीनदयाळ?

जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधनाचा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीचा नाद लागला. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी फोटोग्राफर झाले. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला.

सिकंदराबादनंतर १८९६ ला मुंबईत स्टुडिओ निघाला. हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ होता, तिथे फोटो काढणारीही बाईच.

महाल, मेजवान्या, वाघांच्या शिकारी हे त्यांचं रोजचं काम. त्याच स्टुडिओच्या कॅमेऱ्यासमोर मग बरगड्या मोजता येतील अशी माणसं उभी राहिली.

या फोटोंमध्ये एक गोम आहे. दरबारी फोटोग्राफरच्या कामात राज्याची चांगली बाजू दिसणं ओघानंच आलं. त्यामुळे उपाशी लोकांसोबत सरकारी मदतीचं वाटपही दिसतं. एका फोटोच्या शीर्षकात तर माणसांची नावं नाहीत, ती किती खंगली आहेत त्याचे प्रकार तेवढे आहेत.

पण काच काही लपवत नाही. मदत दाखवायला काढलेल्या फोटोत आज आधी नजर जाते ती त्या डोळ्यांकडे.

१९०५ मध्ये दीनदयाळ गेले. १९८९ ला त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ ला त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं.

शिकारीच्या फोटोतल्या साहेबांची नावं आजही वाचता येतात. छप्पनच्या दुष्काळातल्या त्या माणसांचे फक्त चेहरे उरलेत.