सेवाव्रती सावित्रीबाई



पुण्याहून साताऱ्याला जाताना नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो. पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. हा सगळा भाग खंडाळा तालुक्याचा. बोरघाटातले थंड हवेचे खंडाळा तुम्हांला ऐकून माहीत असेल, ते वेगळे. हे खंडाळा खंबाटकी घाटाजवळचे आहे. या तालुक्यातील नायगाव या लहानशा खेड्यात 3 जानेवारी 1831 रोजी एक मुलगी जन्माला आली. तिच्या वडिलांचे नाव खंडोजी नेवसे पाटील. ही मुलगी म्हणजेच सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली, हे तुम्ही वाचले असेलच. परंतु शाळेत येणाऱ्या मुलाच्या पोटाची आणि प्रकृतीची काळजीही त्यांनी तितक्याच मनापासून वाहिली. आज आपण त्यांच्या जीवनाची ही बाजू पाहू.

1840 साली सावित्रीबाईंचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. त्या वेळी त्या अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच लिहावाचायला शिकवले. पुढे अहमदनगर आणि पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या.

मुलींनी शिकावे हे त्या काळी लोकांना रुचत नव्हते. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. त्या एक जादा साडी सोबत नेत. शाळेत पोहोचल्यावर ती नेसून शिकवायला उभ्या राहत. शेवटी लोकांच्या दबावामुळे या पतिपत्नींना घरही सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख या स्नेह्यांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या शाळेच्या कामातील सोबती होत्या.

1856 साली सावित्रीबाई फार आजारी पडल्या. विश्रांतीसाठी त्या नायगावला भावाकडे गेल्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. स्वतः अंथरुणावर असतानाही त्यांना पुण्याच्या शाळेची काळजी लागली होती. आपल्या मागे सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी त्या पत्रात व्यक्त केला. पाहा, शिक्षकाची प्रकृती बिघडली तर शाळेची घडी विस्कटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. मग मुलाची प्रकृती बिघडली तर त्याचा अभ्यास कसा होणार?

पुढे 1876-77 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. उपाशी मुलाच्या हाती पाटी देऊन काय उपयोग? फुले दांपत्याने आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी जागोजागी अन्नछत्रे चालवली. पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी बालाश्रम उघडला. आधी भाकरी, मग अक्षर, हा साधा हिशेब त्यांना कळला होता.

फुले दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी एका निराधार विधवेच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. या मुलाला त्यांनी शिकवून डॉक्टर केले. आई शिक्षिका आणि मुलगा डॉक्टर! 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले. त्यानंतरही सावित्रीबाईंनी समाजकार्य थांबवले नाही.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. उर्दूत ज्याला ताऊन म्हणतात, तोच हा रोग. थोड्याच दिवसांत तो पुण्यात शिरला. रोग्याला कडक ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि काही दिवसांतच तो दगावे. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हा शोध 1898 साली कराचीत लागला. म्हणजे 1897 साली लोकांना रोगाची वाटही ठाऊक नव्हती. खात्रीचे औषध तर पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी मिळाले. त्यातच सरकारी शिपाई घरे तपासू लागले, रोग्यांना उचलून नेऊ लागले. भीतीने लोक आपली आजारी माणसे लपवू लागले.

अशा वेळी यशवंतरावांनी पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला. पण नुसता दवाखाना उघडून भागत नाही. रोगी तेथपर्यंत यायला हवा. हे काम सावित्रीबाईंनी आपल्याकडे घेतले. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. ज्या बाईने आयुष्यभर गोरगरिबांच्या मुलांना जवळ केले, तिच्या हाती आपले मूल सोपवायला आईबाप कचरले नाहीत.

मुंढवा गावच्या दलित वस्तीत गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचल्या. तो मुलगा बचावला. मात्र सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

मुलांनो, डॉक्टरजवळ विद्या असते. पण कोणत्या मुलाला काय होते आहे, कोण चार दिवस गैरहजर आहे, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे आधी शिक्षकाला कळते. दोघांनी हातात हात घालून काम केले तरच मूल सुखी होते. सावित्रीबाई आणि यशवंतराव यांनी हेच केले. आज हे काम सरकारी योजनांतून चालते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. 2020 साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्याचे प्रशिक्षण देण्याची सोय आहे.

तुमच्या शाळेत तपासणीचे पथक येईल तेव्हा घरी राहू नका. डोळे दुखत असतील, दात किडला असेल, मन उदास राहत असेल, तर संकोच न करता आपल्या बाईंना किंवा सरांना सांगा. बाकावरचा सोबती आजारी असेल तर त्याची चौकशी करा. आजार ही लपवण्याची किंवा लाजण्याची गोष्ट नाही. प्लेगच्या भीतीने लोक दारे बंद करत होते, तेव्हा नायगावची ही लेक एका परक्या मुलाला पाठीवर घेऊन चालत राहिली. तिची आठवण ठेवा आणि आपल्याकडून होईल तेवढी सेवा करा.