उपाशी मुलींसाठी पंडिता रमाबाई थेट दुष्काळात गेल्या होत्या

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अनाथ मुली आणि बालविधवांना कुणीच वाली नव्हता. पंडिता रमाबाईंसाठी ही नुसती बातमी नव्हती. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकात अशाच उपासमारीने गेले होते.

१८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदनातून मुली काढून नेल्या. नव्या मुलींना पोसायला पुरेसा पैसाही नव्हता. तरी हे देवाचंच बोलावणं मानून त्या निघाल्या. रोगराईची पर्वा न करता शेकडो मुलींना घेऊन परतल्या.

प्लेगमुळे पुण्यात निर्बंध आले, तेव्हा मुलींना केडगावच्या शेतावर हलवलं. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. ते आजही सुरू आहे.